मिगला चिकटवलेला जर्मन बाप

26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलाने चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला. 1963 मध्ये ज्या गावी या विमानाची पहिली तुकडी उभी राहिली, तिथेच बासष्ट वर्षांनी त्याची अखेरची सलामी झाली. त्या निमित्ताने लेख आले, भाषणे झाली, मोबाइलवरून मजकूर फिरले आणि या गर्दीत एक जुनाच आरोप नव्या जोमाने वर आला. तो असा की रशियनांनी युद्धात जर्मनांचे आराखडे उचलले, त्यावरून आपली जेट लढाऊ विमाने बेतली आणि नाशिकजवळ ओझरला आपण त्या चोरीच्या मालाचे नट-बोल्ट आवळत बसलो.

हा आरोप महाराष्ट्रात आवडीने केला जातो आणि त्याचे कारण उघड आहे. तो करणाऱ्याच्या एका दगडात तीन पक्षी मरतात. रशिया उघडा पडतो, सरकारी कारखाना हलका ठरतो आणि जर्मन माणसाच्या हुशारीबद्दलचा आपल्या मध्यमवर्गाचा पिढीजात आदर शाबूत राहतो. पुराव्याची मात्र फारशी विचारपूस होत नाही. मिग-15 आणि एका जर्मन विमानाची चित्रे शेजारी शेजारी ठेवायची, नाकपुडीसारखे तोंड सारखे, मागे कललेले पंख सारखे, म्हणजे चोरी सिद्ध! 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले, हे एकही विश्वासार्ह आराखडा नसताना मान्य करणारी मंडळीच पुष्कळदा मिगच्या बाबतीत अशी चटकन न्यायाधीश होतात, ही त्यातली गंमत.

आरोपात खरे काहीच नाही, असे मुळीच नाही. खरे आहे ते आधी मोकळेपणाने मांडावे, कारण ते आरोप करणाऱ्यांना वाटते त्याहून जास्त रंगतदार आहे.

24 एप्रिल 1946 या एकाच दिवशी सोव्हिएत संघाच्या पहिल्या दोन जेट लढाऊ विमानांनी उड्डाण केले. मिकोयान आणि गुरेविच यांचे मिग-9 आधी उडाले, याकोव्हलेव्हचे याक-15 नंतर. आधी कोणी उडायचे हे नाणे उडवून ठरले, असे सांगतात. या दोन्ही विमानांची इंजिने जर्मन होती, यात वाद नाही. याक-15 मध्ये युंकर्स कंपनीचे युमो 004 होते, रशियन नाव आरडी-10. मिग-9 मध्ये बीएमडब्ल्यू 003 ची जोडी होती, रशियन नाव आरडी-20. पुढे पहिले उफा शहरात आणि दुसरे कझानला बनू लागले. परवाना नव्हता, स्वामित्वधन नव्हते. जिंकलेल्या देशाची यंत्रसामग्री, आराखडे आणि माणसे जेत्याने नेली. याला नक्कल म्हणा, लूट म्हणा, काहीही म्हणा. इथवर आरोपकर्ते बरोबर आहेत.

पण इंजिन म्हणजे विमान नव्हे.

याक-15 जवळून पाहिले की हे कळते. याकोव्हलेव्हच्या माणसांनी युद्धात नावाजलेले स्वतःचे याक-3 हे पंख्याचे लढाऊ विमान घेतले, त्याच्या नाकातले पिस्टन इंजिन काढले आणि तिथे, वैमानिकाच्या पायांखाली येईल असे, जर्मन जेट इंजिन तिरके बसवले. जळता झोत विमानाच्या पोटाखालून मागे जाणार, म्हणून पोटाला पोलादी पत्रा ठोकला. शेपटीखालचे चाक रबरी टायरचे ठेवले असते तर वितळलेच असते, म्हणून तेही पोलादाचे केले. जर्मनीच्या कुठल्याही कारखान्यात असे विमान नव्हते आणि ते नसल्याबद्दल जर्मनांना खंत वाटण्याचेही कारण नाही. हा घाईचा, जुगाडाचा, पण नखशिखांत रशियन उद्योग होता.

मिग-9 ची तऱ्हा वेगळी. जर्मनांच्या मेसरश्मिट 262 ची दोन इंजिने पंखांखाली लटकलेली. मिकोयानने ती विमानाच्या पोटात शेजारी शेजारी घातली आणि हवेचे तोंड नाकात उघडले. नाकपुड्यांमधल्या पडद्यात 37 मिलिमीटरची जबरदस्त तोफ बसवली. ती उंचीवर झाडली की तोफेचा धूर थेट इंजिनात जाई आणि इंजिने विझत. हा दोष विमानाला शेवटपर्यंत नडला. जर्मन आराखड्यांत शोधूनही तो सापडायचा नाही. मिकोयानच्या कचेरीत जन्मलेला तो अस्सल देशी दोष होता. मिग-9 पहिल्यांदा उडवणारा अलेक्सेई ग्रिनचिक त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच विमानात मरण पावला. नकलेवर जाणाऱ्याला निदान दुसऱ्याने आधी केलेल्या चुका टाळता येतात. इथे तसे काही दिसत नाही.

या काळातले एकच रशियन विमान दिसायला जर्मन विमानाच्या अगदी जवळ होते, ते म्हणजे सुखोईचे 1946 चे सु-9. पंखांखाली दोन इंजिने, एकूण बांधा मेसरश्मिट 262 ची आठवण करून देणारा. तरी पंख सरळ, धड वेगळे. पण त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे उत्पादन झालेच नाही. सोव्हिएत संघात जर्मन छापाला इतका भाव असता, तर सगळ्यात जर्मन दिसणारेच विमान आधी कारखान्यात गेले असते. खुद्द मेसरश्मिट 262 जसेच्या तसे बनवावे, हा प्रस्तावही मॉस्कोत चर्चेला आला होता. पकडलेले विमान आंद्रेई कोचेत्कोव्हने ऑगस्ट 1945 मध्ये उडवून तपासलेही होते. याकोव्हलेव्हने आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्याने स्टालिनसमोर या प्रस्तावाला विरोध केला. त्यात आपल्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडवण्याचा डाव नव्हताच, असे कोण म्हणेल? पण निकाल तोच लागला. मेसरश्मिट बनले नाही.

सोव्हिएत संघाला नक्कल करता येत नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. ती कशी करायची हे त्यांनी त्याच वर्षांत जगाला दाखवून दिले. 1944 मध्ये जपानवर बाँब टाकायला निघालेली अमेरिकेची बी-29 बाँबफेकी विमाने अडचणीत सापडून सोव्हिएत हद्दीत, व्लादिवोस्तोककडे उतरली. स्टालिनने ती परत दिली नाहीत. विमानरचनाकार टुपोलेव्हला हुकूम झाला की जसेच्या तसे बनवा, काही बदलू नका. एक विमान पुर्जा पुर्जा सुटे केले गेले. अमेरिकन पत्रे इंचाच्या मापात, रशियन गिरण्या मिलिमीटरच्या. एक षोडशांश इंच म्हणजे दीड मिलिमीटरहून जरा जास्त. तो पत्रा जाड घेतला तर वजन वाढते, पातळ घेतला तर ताकद घटते. या एका बाबीवर टुपोलेव्हच्या माणसांनी किती रात्री काढल्या असतील, याची कल्पना लोखंडाच्या दुकानात उभा राहिलेला कोणताही फॅब्रिकेटर करू शकेल. मे 1947 मध्ये ते विमान टु-4 या नावाने उडाले. नक्कल म्हणतात ती ही. तिच्यासाठी समोर पुरे, धडधाकट विमान लागते, आणि ते असूनही दोन वर्षे घाम गाळावा लागतो.

आता मुख्य आरोपाकडे. तो मिग-15 वर आहे. कोरियाच्या युद्धात ज्याने अमेरिकनांची झोप उडवली ते हे विमान. म्हणतात की ते फोके-वुल्फ कंपनीच्या टा-183 या आराखड्याची प्रत आहे. टा-183 ची कल्पना हान्स मुल्टहॉप या तरुण अभियंत्याची. त्याचा वरिष्ठ कुर्ट टँक. 1945 च्या सुरुवातीला जर्मन हवाई खात्याने ते निवडले, पण एकही विमान पुरे व्हायच्या आत युद्ध संपले. म्हणजे नक्कल करायची झाली तर समोर विमान नव्हतेच. होते ते कागद आणि वातबोगद्यातली लहान प्रारूपे. त्यांतले काही रशियनांच्या हाती लागले, असे धरून चालू. मग दोन्ही जवळून पाहू.

टा-183 चे पंख चाळीस अंश मागे कललेले, मिग-15 चे पस्तीस. टा-183 चे आडवे शेपूट उभ्या शेपटाच्या थेट टोकावर टेकवलेले, मिगचे त्याच्याखाली, उभ्या शेपटाच्या अंगात बसवलेले. जर्मन आराखडा हाइंकेलच्या ज्या इंजिनाभोवती आखला होता त्याचा रेटा सुमारे 1300 किलो धरलेला, आणि तेही इंजिन प्रत्यक्षात नीट तयार झाले नव्हते. मिग-15 च्या इंजिनाचा रेटा सुमारे 2270 किलो. इतक्या फरकाने धडाचा घेर, इंधनाची जागा, वजनाचा तोल, सगळेच बदलते. उरते काय? नाकात हवेचे तोंड, आत एक इंजिन, मागे कललेले पंख. स्वीडनच्या साब 29 मध्येही हेच आहे आणि अमेरिकेच्या एफ-86 सेबरमध्येही. त्यांना कोणी टा-183 ची पोरे म्हणत नाही.

मिग-15 ला विदेशी बाप हवाच असेल तर तो फोके-वुल्फच्या ब्रेमेनचा नसून रोल्स-रॉइसच्या डर्बीचा आहे. 1946 मध्ये ब्रिटनमधल्या अॅटली सरकारने रोल्स-रॉइसची नीन आणि डर्वेंट ही इंजिने सोव्हिएत संघाला विकायला परवानगी दिली. मिकोयान आणि इंजिनतज्ज्ञ क्लिमोव्ह स्वतः ब्रिटनला जाऊन आले. इंजिने पोहोचली, क्लिमोव्हच्या कारखान्याने त्यांची परवान्याशिवाय प्रत काढली, तिला आरडी-45 म्हटले आणि मग सुधारून व्हीके-1 केले. हे नीन इंजिन मराठी मुलखालाही परके नाही. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर वर्षानुवर्षे राहिलेली सी हॉक विमाने याच इंजिनावर उडत. आजही तिथल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक उभे आहे. मिग-15 च्या पोटात काय होते हे पाहायचे तर मॉस्को गाठायची गरज नाही.

आता खरा गमतीचा भाग. इतिहासात प्रयोग करता येत नाहीत, पण इथे एक आपोआप घडला. युद्धानंतर कुर्ट टँक पेद्रो मॅथीस या खोट्या नावाने अर्जेंटिनाला पोहोचला. पेरॉनच्या सरकारने त्याला विमान बनवायला सांगितले. टँकने टा-183 चाच विचार पुढे नेला आणि त्यात इंजिन घातले ते नीन! जे इंजिन मिकोयानला मिळाले तेच. म्हणजे मूळ आराखड्याचा धनी एका बाजूला, कथित चोर दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या हातात सारखेच यंत्र. टँकच्या पुल्की-2 चे पंख खांद्यावर, शेपूट टोकावर, कल चाळीस अंश. दिसायला टा-183 चे थेट वंशज. ते जून 1950 मध्ये उडाले. मिग-15 चा पहिला नमुना 30 डिसेंबर 1947 रोजीच उडाला होता. पुल्कीची मोजून पाच विमाने झाली, त्यांतली काही कोसळली, वैमानिक गेले आणि कारखान्यातून त्याची रांग कधीच बाहेर पडली नाही. मिग-15 हजारोंनी बनले. प्रतीच्या आधी मूळ यायला हवे, निदान मूळ प्रतीपेक्षा बरे तरी उडायला हवे. इथे दोन्ही नाही.

यावर हमखास येणारा जबाब असा की आराखडा नसेल, पण रशियात नेलेले जर्मन अभियंतेच मिग बनवत होते. तारखा पाहिल्या की हाही टिकत नाही. 22 ऑक्टोबर 1946 च्या पहाटे सोव्हिएत सैन्याने पूर्व जर्मनीतल्या दोन हजारांहून अधिक तज्ज्ञांना कुटुंबकबिल्यासह गाड्यांत बसवून नेले. त्याच्या सहा महिने आधी मिग-9 आणि याक-15 उडालेले होते. नेलेल्यांपैकी विमानवाले मॉस्कोच्या उत्तरेला पोदबेरेझ्ये इथे ठेवले गेले. त्यांचा म्होरक्या ब्रुनोल्फ बाडे. त्यांनी तिथे काय बनवले हे लपलेले नाही. युंकर्सच्या पुढे कललेल्या पंखांच्या बाँबफेक्याचे पुढचे रूप ईएफ-131 आणि नंतर 150 नावाचे आणखी एक बाँबफेकी विमान. 150 हे 1952 मध्ये उडाले, एकच बनले आणि काम बंद झाले. लढाऊ विमानांच्या कचेऱ्यांत या मंडळींना शिरकाव नव्हता. संशयी सरकार आपल्या सर्वांत गुप्त कामात कालच्या शत्रूला कशाला बसवील?

रशियात नेलेल्या या मंडळींचा हात जिथे खरोखर दिसतो ती जागा लढाऊ विमानांची नाहीच. कुइबिशेवला नेलेल्या इंजिनतज्ज्ञांत फर्डिनंड ब्रांडनर हा ऑस्ट्रियन होता. त्याच्या गटाच्या कामातून कुझनेत्सोव्हच्या कारखान्यात एनके-12 हे राक्षसी टर्बोप्रॉप इंजिन पुढे आले. उलटसुलट फिरणाऱ्या दुहेरी पंख्यांची चार एनके-12 इंजिने लावलेली टु-142 विमाने भारतीय नौदलाने 1988 मध्ये घेतली आणि ती आधी दाबोळीलाच होती. 1992 मध्ये अरक्कोणमला हलवेपर्यंत गोवेकरांनी त्यांचा घरघराट पुष्कळ ऐकला. त्या आवाजात जर्मन भाग होता, असे कोणी म्हणाले तर हरकत घेण्याचे कारण नाही. मिग-15 किंवा मिग-21 च्या आवाजात तो नव्हता.

राहिले कललेले पंख. 1935 मध्ये रोमच्या परिषदेत आडोल्फ बुझमन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की पंख मागे कलवले की ध्वनीपेक्षा जास्त वेगात हवेचा अडथळा कमी होतो. परिषद गुप्त नव्हती. नंतर गॉटिंगेनच्या वातबोगद्यात त्यावर काम झाले. 1945 मध्ये जर्मनी पडल्यावर त्या चाचण्यांचे कागद रशियनांनी वाचले, अमेरिकनांनी वाचले, ब्रिटिशांनी वाचले. बोइंगच्या जॉर्ज शेररने ते पाहिल्यावर कंपनीला पंख बदलायला पत्र पाठवले. सेबर तर आधी सरळ पंखांचेच ठरले होते, जर्मन आकडे हाती आल्यावर ते कलवले गेले आणि सुरुवातीच्या पंखाच्या पुढच्या कडेची झडप मेसरश्मिट 262 वरून घेतली होती. अमेरिकेत रॉबर्ट जोन्स स्वतंत्रपणेही याच निष्कर्षाला आला होता. मिकोयानच्या कचेरीने 1945 मध्येच मिग-8 नावाचे छोटे, उलट्या बांध्याचे, कललेल्या पंखांचे लाकडी विमान उडवून चाचपणी केली; झुकोव्स्कीच्या त्सागी संस्थेत स्त्रुमिन्स्कीसारखे शास्त्रज्ञ कललेल्या पंखांवर हवा कशी बाजूला सरकते याचा अभ्यास करत होते. मिग-15 च्या पंखांवर पुढून मागे उभ्या केलेल्या ज्या पट्ट्या दिसतात, त्या याच त्रासावरचा इलाज आहेत.

एकाच अडचणीला सगळ्यांचे उत्तर सारखेच निघते, हा मुद्दा लोहारा भागातल्या सास्तूरच्या माणसाला लवकर पटेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात तिथली जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचे ओझे वाहणारी घरे कोसळली आणि माणसे त्याच ओझ्याखाली गेली. त्यानंतर लोहारा, उमरगा, औसा भागात जी घरे नव्याने उभी राहिली किंवा जुनी सावरली गेली, त्यांच्या दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा दिसू लागला. एका गवंड्याचा पट्टा पाहून दुसऱ्या गवंड्याला कोणी चोर म्हणाले नाही. भूकंप भिंती उभ्या फाडतो म्हणून पट्टा हवा. हे ज्ञान पुस्तकात होते आणि ते ज्याला लागू पडले त्याने वापरले. ध्वनीच्या वेगाजवळ हवा पंखांचे जे करते त्यालाही उत्तर एकच आहे. ते मॉस्कोत वेगळे आणि लॉस एंजेलिसला वेगळे कसे असेल?

आणि ज्ञानाचा हा प्रवाह फक्त लुटीच्या गाड्यांतूनच गेला, असेही नाही. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे गॉटिंगेनला लुडविग प्रांटलकडे शिकले आणि 1936 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. प्रांटल म्हणजे त्या काळातल्या हवेच्या गतिशास्त्राचा पितामह. त्याच्याच गॉटिंगेनमध्ये कललेल्या पंखांवर पुढे काम झाले. घाटगे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये काढलेला. घाटगे यांच्या आराखड्यावर एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचे विमान झाले आणि ते ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. त्यांचेच एचजेटी-16 किरण हे जेट 1964 मध्ये उडाले. जर्मन गुरूकडून शिकलेल्या घाटगे यांच्या विमानांना जर्मन नक्कल म्हणण्याची कोणाची छाती होत नाही, आणि ते योग्यच आहे. मग हाच न्याय मिकोयानला लावायला काय अडचण आहे? प्रांटलचा विद्यार्थी आपला असला की ते शिक्षण आणि परक्याने तेच पुस्तक वाचले की ती चोरी, हे काही बरे नाही.

कुर्ट टँकची गोष्ट तर भारतातच पुढे गेली. पेरॉन गेल्यावर टँकचे अर्जेंटिनातले दुकान बंद झाले आणि 1956 मध्ये तो आपल्या जर्मन सहकाऱ्यांसह बंगळुरूला आला. तिथे त्याने एचएफ-24 मरुत बेतले. 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी ते उडवले. देखणे, सडपातळ, वैमानिकांना आवडणारे विमान. एकूण 147 बनली आणि 1971 च्या युद्धात ती वाळवंटात लढली. पण त्याला हवे ते ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही. ब्रिटनच्या ऑर्फियस इंजिनाचे जे जोरकस रूप त्यासाठी धरले होते, त्याचा खर्च उचलायला भारत पुढे झाला नाही, म्हणून साध्या ऑर्फियसच्या जोडीवर काम भागवले. ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी जन्मलेले मरुत ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावरच घुटमळले. इंजिनाच्या शोधात एक मरुत इजिप्तलाही पाठवले गेले. तिथे त्याच्यात ई-300 हे इंजिन घालून उडवले. ते बनवणारा तोच ब्रांडनर, एनके-12 वाला! जर्मन आराखडा, ऑस्ट्रियन इंजिन, भारतीय विमान आणि इजिप्तचे मैदान. तरी गाडी काही पुढे गेली नाही. 1969 मध्ये इजिप्तने ते कामच बंद केले. टा-183 चा धनी टँक स्वतः, त्याच्या सगळ्या अनुभवासह, भारताच्या खर्चाने अकरा वर्षे काम करत होता. नुसत्या जर्मन डोक्याने मिग बनत असता तर तो बंगळुरूलाच बनला असता. आपण तो घेतला रशियाकडून.

आणि घेतला तो कसा, हे ओझरला पाहता येते. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि मिगचा सांगाडा बनवण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला. इंजिने कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. इथे सगळे कायदेशीर होते. परवाना होता, आराखडे पेट्या भरभरून आले, रशियन तंत्रज्ञ शेजारी उभे होते. तरी आधी तयार भाग जोडणे, मग उपभाग जोडणे आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान बनवणे, असे टप्पे करत मिग-21 एफएल भारतीय कच्च्या मालातून उभे राहायला 1970 उजाडले. पुढे मिग-21 एम, मिग-21 बिस, मिग-27 अशी शेकडो विमाने ओझरहून गेली. परवाना, आराखडे आणि गुरू असताना इतका काळ जातो. मग एका न बनलेल्या विमानाचे कागद पाहून अडीच वर्षांत मिग-15 उडवले असेल, तर ती नक्कल नव्हे, निर्मितीच म्हणावी लागेल. आरोप करणाऱ्यांनी ही गणिते एकदा ओझरच्या निवृत्त फिटरसमोर मांडून पाहावीत.

मिग-21 पर्यंत येताना तर जर्मन दुवा उरतच नाही. त्याचा त्रिकोणी पंख पाहून कोणी जर्मन विमानरचनाकार अलेक्झांडर लिपिशचे नाव घेतो. लिपिशची त्रिकोणी विमाने बिनशेपटीची, मिग-21 ला मागे स्वतंत्र शेपूट. मिकोयानने 1955-56 मध्ये कललेल्या पंखांचे ये-2 आणि त्रिकोणी पंखांचे ये-4, ये-5 असे नमुने शेजारी शेजारी उडवून पाहिले आणि त्यातून निवड केली. नक्कल करणारा असे दोन-दोन नमुने बांधत बसत नाही. इंजिनाचा रस्ताही तोवर बदलला होता. रशियातच अर्खिप ल्युल्का 1930 च्या दशकाच्या शेवटापासून स्वतःच्या जेट इंजिनावर काम करत होता; 1941 मध्ये त्याच्या नावे आजच्या टर्बोफॅनचा मूळ विचार नोंदला गेला, युद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याचे सामान पुरून ठेवावे लागले, आणि 1947 मध्ये त्याचे टीआर-1 इंजिन विमानात उडाले. मिग-21 चे इंजिन मिकुलिन आणि तुमान्स्कीच्या कचेरीतले. ओझरला दोनशेवर सुखोई-30 एमकेआय जुळली, त्यांच्या एएल-31 एफपी इंजिनातला ‘एएल’ म्हणजे अर्खिप ल्युल्का.

मिग-21 मध्ये नक्कल शोधायचीच असेल तर पंखाखाली पाहावे. त्याचे क्षेपणास्त्र के-13 हे अमेरिकेच्या साइडवाइंडरची प्रत होते. 1958 मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या चकमकीत एक न फुटलेले साइडवाइंडर चीनच्या मिग-17 मध्ये अडकून खाली आले, अशी त्याची हकीकत सांगतात. रशियनांनी ते सोडवून, उलगडून, जवळपास जसेच्या तसे बनवले आणि त्यांच्याच क्षेपणास्त्रतज्ज्ञांनी पुढे हे कर्ज मान्य केले. ओझरहून निघालेली मिग-21 एफएल विमाने हीच अमेरिकन अवलाद पंखांखाली घेऊन उडत होती. 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे स्टारफायटर जेव्हा मिग-21 ने पाडले, तेव्हा मात्र काम क्षेपणास्त्राने नव्हे, पोटाखाली बांधलेल्या तोफेने केले.